मुळांचा श्वास

झाड पाण्यावाचून मरतं, हे सर्वांना ठाऊक असतं. पण पाण्यात बुडूनही ते गुदमरतं, हे मला चंद्रपूरच्या गच्चीवर मातीविना पालक लावल्यावर उमगलं. मुळांनाही प्राणवायू लागतो! २० अंशांच्या लिटरभर पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो! पाणी तापेल तसा मुळांचा श्वास वाढतो, पाण्यातली हवा मात्र घटते. म्हणून टबात छोटा पंप अहोरात्र बुडबुडे सोडत असतो. वीज गेली की घरची मंडळी पंख्याकडे बघतात, मी टबाकडे! मग तांब्यातांब्यानं तेच पाणी उंचावरून ओतत बसायचं; पडतापडता ते हवा घेऊन जातं.

गडचिरोलीचा भात बघा. महिनोन्‌महिने चिखलपाण्यात, तरी ताठ! त्याच्या अंगात हवेच्या पोकळ वाटा असतात. पानांकडून हवा थेट मुळांपर्यंत उतरते.

"त्याचा पंप त्याच्या पोटातच आहे," आमची ही म्हणते.

पालकाजवळ तेवढी सोय नाही. म्हणून मध्यरात्री दिवे गेले तरी मी तांब्या घेऊन गच्चीवर जातो. चार जुड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं शेजारी विचारतात. पण कुणाचा तरी श्वास आपल्या हातात आहे, ही जाणीव काही बाजारात जुडीनं मिळत नाही!