अपडेटनंतर वायफाय गेलं तेव्हा

आजची नोंद शेताची नाही, घरातल्या कॉम्प्युटरची आहे. पण शेवटी गोष्ट शेतावरच येते, म्हणून इथेच लिहितोय.

फेब्रुवारी २०२१. शेतात वाल शेंगांनी भरलेला, गावात रोज कुठे ना कुठे पोपटी लागत होती. कॉलेजं मात्र बंदच. पोरगी डिप्लोमाला, सगळे तास ऑनलाइन. कॉम्प्युटर जुना, एका ऑफिसातून निघालेला. भाच्याने त्यावर लिनक्स टाकून दिलेलं. इंटरनेट अंगणापलीकडे भावाच्या घरी. तिथून वायफाय पकडायला अँटेनावालं यूएसबी डोंगल. तांदळाच्या गिऱ्हाइकांचा हिशेबही त्याच कॉम्प्युटरवर.

एका रात्री अपडेट आलं, मी 'हो' म्हटलं. सकाळी वायफाय गायब. डोंगलचा दिवासुद्धा लागेना. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पोरीची परीक्षा.

मला वाटलं डोंगल जळलं. नवीन आणायला पनवेलला निघालोच होतो. पोरगी म्हणाली, "बाबा, आधी भाच्याच्या लॅपटॉपला लावून बघा." लावलं तर मस्त चाललं. म्हणजे डोंगल शाबूत. मग बदललं काय? रात्रीचं अपडेट. कॉम्प्युटर परत चालू करून सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडला, तर वायफाय आलं. नवा निवडला, की गेलं. पिकावर रोग दिसला की आधी फवारा मारत नाही आपण, अदल्या आठवड्यात काय बदललं ते बघतो. इथेही तेच.

कर्नल म्हणजे यंत्राचे भाग आणि वरचे प्रोग्राम यांच्या मधला कारभारी. ड्रायव्हर म्हणजे एकेका भागाची भाषा त्या कारभाऱ्याला समजावणारा. आमचा जुना कर्नल ५.४, नवा ५.८. डोंगलचा ड्रायव्हर लिनक्ससोबत आलेला नव्हता. भाच्याने त्याचा कोड उतरवून ५.४ साठी घरीच बनवला होता.

इथे थांबायला हवं होतं. जुन्या कर्नलवर परीक्षा आरामात झाली असती. पण मला खाज. म्हटलं, जुन्या कर्नलच्या फोल्डरातली ड्रायव्हरची फाइल नव्याच्या फोल्डरात नेऊन ठेवू. नेली. नव्याने घेतलीच नाही, 'इनव्हॅलिड मॉड्युल फॉरमॅट' म्हणाला. एका कर्नलसाठी बांधलेला ड्रायव्हर दुसरा कर्नल आत घेत नाही, हे मला कुठे ठाऊक. रागाने ती फाइल डिलीट केली. आणि मग लक्षात आलं की मी कॉपी केली नव्हती, कट केली होती. आता जुन्यावरही वायफाय नाही. रात्रीचे नऊ वाजलेले.

पोरगी काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. जेवण दोघांचंही राहिलं. मग तीच म्हणाली, "बाबा, भाच्याने उतरवलेला कोड कुठेय? तो असला तर परत बनवता येईल." होता, त्याच्याच फोल्डरात. जुन्या कर्नलची हेडर नावाची जोडणीही डिस्कवर होती. जुना कर्नल चालू करून तिने 'मेक' केलं. पाच मिनिटांत फाइल तयार, दिवा लागला. रोप मेलं होतं, पण बियाणं कणगीत होतं, असं म्हणा. सकाळी परीक्षा झाली. त्या वेळात मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेलोही नाही.

खरी दुरुस्ती रविवारी. ती लागणारच होती, कारण पुढची अपडेटं आली की जुना कर्नल कधीतरी काढला जातो, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्यातच येतात. नव्या कर्नलसाठी 'मेक' केलं तर पडदाभर चुका. मी शेवटून वाचायला लागलो. पोरगी म्हणाली, पहिली चूक वाचा, बाकीच्या बऱ्याचदा तिचीच पिल्लं असतात.

पहिली चूक अशी: ड्रायव्हर स्वतःची माहिती दाखवायला 'प्रॉक' नावाच्या जागी छोट्या खिडक्या उघडतो. त्या खिडकीसोबत पूर्वी 'फाइल ऑपरेशन्स' नावाचा तक्ता द्यायचा. मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ कर्नलपासून त्यासाठी वेगळा 'प्रॉक ऑप्स' तक्ता लागतो. 'ओपन'च्या जागी 'प्रॉक ओपन', 'रीड'च्या जागी 'प्रॉक रीड', आणि 'ओनर'चा रकाना गेला. काम तेच, रकान्यांची नावं नवी. गंमत बघा, वायफायचा आणि या खिडक्यांचा काही संबंध नाही, पण तिथे अडलं म्हणून अख्खा ड्रायव्हर बनेना. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी २० च्या जॉइनरला लावायला गेलं तर दोष पाण्याचाही नसतो नि पंपाचाही.

जुना तक्ता आम्ही पुसला नाही. वर अट लिहिली: कर्नल ५.६ किंवा पुढचा असेल तर नवा तक्ता, नाहीतर जुना. ती टाइप करायची, मी रकाने वाचून दाखवायचो. एक स्वल्पविराम माझ्याकडून राहिला, त्यात अर्धा तास गेला. तिसऱ्या खेपेला बनला. दिवा लागला.

मग प्रश्न पडला, कर्नलवाले असं बदलतात तरी का? लिनक्सच्या कोडसोबतच ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं एक टिपण येतं. त्याचा सारांश असा की कर्नलच्या आतले जोड कायम ठेवण्याचं वचन आम्ही देत नाही, सुधारणा करायची तर ते बदलावे लागतात. तुमचा ड्रायव्हर मुख्य कोडमध्ये द्या, मग जो जोड बदलेल तोच तुमचा ड्रायव्हरही दुरुस्त करेल. बाहेर ठेवलात तर दुरुस्ती तुमची.

हे आपल्याला कळायला अवघड नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं 'पनवेल ३' खाऱ्या जमिनीत लावतो, त्याचं पैदासकार बियाणं, पायाभूत बियाणं सांभाळणारी माणसं आहेत. घरची जुनी जात ठेवायची तर भेसळ काढणं, लोंब्या निवडणं आपल्यालाच. ती वाईट नाही, पण तिचा धनी आपणच.

२०२३ मध्ये ५.१९ कर्नल आला नि पुन्हा तेच. कार्डाचा पत्ता ड्रायव्हरने थेट लिहायची मुभा ५.१७ पासून गेली होती, ठरलेल्या फंक्शनमार्फत द्यावा लागतो. या वेळी अडलेली ओळ मी एकट्याने शोधली. पोरगी नोकरीला लागली होती, फोनवर विचारलं, "कॉपी ठेवलीत का आधी?" ठेवली होती.

ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. अपडेट कामाच्या आदल्या रात्री करू नका. नवा कर्नल महिनाभर नीट चालेपर्यंत जुना काढू नका. वायफाय गेलं तर फोन केबलने जोडून त्याचं नेट कॉम्प्युटरला देता येतं. आणि ड्रायव्हर डीकेएमएसमध्ये नोंदवा, म्हणजे दर नव्या कर्नलला तो आपोआप बनतो. जोडच बदलला असेल तर मात्र कोडला हात लावावा लागतो.

तुमचं असं काही अडलं असेल तर पहिल्या चुकीचा फोटो खाली टाका. शेवटच्या नको.