भाजीच्या वाटेवरची व्यायामशाळा

जपानमध्ये येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी व्यायामशाळा म्हणजे तरुणांची जागा ही माझी सांगलीहून आणलेली समजूत कायम होती. ती बदलली ‘कर्व्हज’ या बायकांच्या व्यायामशाळांच्या साखळीने. आम्ही तेव्हा टोकियोच्या निशी-कासाई भागात राहायचो. आजूबाजूला भारतीय कुटुंबं भरपूर, मराठीही कानावर पडायची. स्टेशनजवळच्या सुपरमार्केटमध्ये दूध-भाजी आणायला जाताना वाटेत तिचं एक छोटं दालन लागायचं. आत साठी-सत्तरीच्या बायका गोलाकार मांडलेल्या यंत्रांवर हसतखेळत व्यायाम करताना दिसायच्या. चाळिशी ओलांडली, गुडघा बोलू लागला आणि एक दिवस मी आत शिरले.

तिथली पद्धत अगदी सोपी. बारा यंत्रं गोलात मांडलेली, दोन यंत्रांच्या मध्ये एकेक पायफळी. यंत्रावर तीस सेकंद, मग फळीवर तीस सेकंद जागच्या जागी चालणं किंवा पावलं टाकणं. संगीत चालू असतं आणि दर तीस सेकंदांनी ध्वनिमुद्रित सूचना येते, की सगळ्या एक-एक जागा पुढे सरकतात. असे दोन फेरे झाले की चोवीस मिनिटं होतात. शेवटची सहा मिनिटं ताण देण्याच्या व्यायामाची. अर्ध्या तासात बाई मोकळी. यंत्रं तेलाच्या दाबावर चालतात, त्यामुळे वजनं लावा-काढायची भानगड नाही. जितक्या जोरात ढकलाल तितका विरोध वाढतो. म्हणूनच ऐंशीच्या आजी आणि मी शेजारी-शेजारी, एकाच ठेक्यात व्यायाम करू शकायचो. पुरुष नाहीत, आरसे नाहीत, नटूनथटून येण्याची गरज नाही. घरच्या साध्या कपड्यांत जायचं, दारात आतले बूट घालायचे आणि सुरू करायचं.

पुढे नवऱ्याची बदली तोयामाला झाली. जपान समुद्राकडचा हा प्रदेश. एका बाजूला तातेयामाचे डोंगर, हिवाळ्यात भरपूर बर्फ. इथे रस्त्यात बसवलेल्या नळ्यांतून भूजलाचे फवारे सोडून बर्फ वितळवतात. टोकियोसारखी दर चार मिनिटांनी गाडी नाही, माणसं विरळ, म्हातारी माणसं जास्त. मला वाटलं, संपला आपला व्यायाम. पण सामान लावून होण्याआधीच कळलं, की शहराबाहेरच्या खरेदी संकुलात, सुपरमार्केट आणि औषधांच्या दुकानाच्या मधोमध ‘कर्व्हज’ आहे आणि सभासदत्व तिकडे हलवता येतं. तीच बारा यंत्रं, तोच ठेका. पहिल्याच दिवशी एका आजींनी मला कुठून आलीस, भात कोणता खातेस, थंडी सोसते का, असं सगळं विचारून घेतलं. परक्या गावात माझी पहिली ओळख त्या गोलात झाली.

तेव्हापासून मला या साखळीच्या पसाऱ्याचं कुतूहल वाटू लागलं. मिळेल ते वाचत गेले. ‘कर्व्हज’चा जन्म अमेरिकेतला. 1992 मध्ये टेक्ससमधल्या हार्लिंजन गावी गॅरी हेविन आणि त्यांच्या पत्नी डायन यांनी ती सुरू केली. फ्रँचायझीच्या जोरावर ती इतक्या वेगाने वाढली, की 2000 नंतरच्या दशकात जगभरात तिच्या सुमारे दहा हजार शाखा झाल्या होत्या. पण अमेरिकेतला तो पसारा टिकला नाही. स्वस्त मासिक शुल्काच्या मोठ्या, जास्त वेळ उघड्या राहणाऱ्या जिम वाढल्या आणि एकेका मालकाच्या छोट्या शाखा मोठ्या संख्येने बंद झाल्या. जपानमध्ये हीच कल्पना 2005 मध्ये आली आणि नीट रुजली. आज इथे जवळपास दोन हजार शाखा आहेत, सगळ्या 47 प्रांतांत. सभासद आठ लाखांच्या आसपास, त्यांतल्या बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. कराओके दालनं चालवणाऱ्या कोशिदाका या समूहाने इथला व्यवसाय वाढवला आणि 2018 मध्ये तर अमेरिकेतली मूळ कंपनीच विकत घेतली.

यंत्रं तीच, फ्रँचायझीची पद्धतही तीच. मग एका देशात ओसरलेली गोष्ट दुसऱ्या देशात का टिकली? माझं उत्तर मी रोजच्या अनुभवातून शोधलं आहे.

पहिलं म्हणजे जागा. बाई आठवड्यात जिथे दोन-तीनदा जातेच, तिथे ही शाखा असते. व्यायामासाठी वेगळा प्रवास करावा लागत नाही. आमच्याकडच्या बायका अर्धा तास व्यायाम करतात आणि तशाच पिशवी घेऊन मुळा-टोफू आणायला जातात. शॉवर नाही, पोहण्याचा तलाव नाही, त्यामुळे जागा थोडी पुरते, पाण्याचा आणि विजेचा खर्च कमी, दोन-तीन प्रशिक्षकांवर काम चालतं. म्हणून जिथे मोठ्या क्लबला परवडणारच नाही, अशा लहान गावातही ही शाखा तग धरते.

दुसरं म्हणजे माणसं. आमच्या शाखेतल्या प्रशिक्षक मुली प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारतात. जपानमध्ये ओळखीच्यांनाही आडनावाने संबोधायची रीत आहे. वर्षानुवर्षं अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून जगलेल्या बाईला तिचं नाव ऐकायला मिळतं, याचं मोल त्या आजींच्या चेहऱ्यावर दिसतं. दर महिन्याला वजन-मापं घेतली जातात. काही दिवस कुणी आली नाही तर फोन जातो. मला फ्लू झाला होता तेव्हा मलाही आला होता. नुसती चौकशी, आग्रह नाही.

तिसरं कारण वयाचं. इथे 65 वर्षांवरची माणसं लोकसंख्येच्या 29 टक्क्यांच्या घरात आहेत. 2000 पासून शुश्रूषा विमा आहे आणि चाळिशीनंतर प्रत्येकाला त्याचा हप्ता भरावा लागतो. अंथरुणाला खिळण्याची, मुलांवर भार होण्याची भीती इथल्या बायका उघड बोलून दाखवतात. सडपातळ दिसण्याविषयी आमच्या गोलात क्वचितच बोलणं होतं. पायऱ्या चढता येताहेत का, जमिनीवर बसून उठता येतंय का, याच गोष्टी चालतात.

या साखळीची खरी परीक्षा मी करोनाच्या काळात पाहिली. मार्च 2020 च्या सुरुवातीला कंपनी टोकियोच्या शेअर बाजारात आली आणि त्याच सुमाराला व्यायामशाळा संसर्गाच्या जागा म्हणून सरकारी इशाऱ्यांत येऊ लागल्या. पुढे आणीबाणी जाहीर झाली, शाखा बंद झाल्या. सभासद झपाट्याने घटले. उघडल्यावर आमचा गोल विरळ झाला होता. सत्तरीपुढच्या कित्येकींना मुलांनी घराबाहेर पडू दिलं नाही. प्रशिक्षक मुली फोन करत राहिल्या, घरी करायचे व्यायाम सांगत राहिल्या. हळूहळू ओळखीचे चेहरे परतले. कुणी काठी घेऊन आली, कुणी चार पावलांत दमली, पण आली. शाखांच्या आकड्यापेक्षा परत येणाऱ्या बायका हीच साखळीची कमाई, हे मला तेव्हा पटलं.

जपानमध्ये दुसरा रस्ताही यशस्वी झाला आहे. 2022 मध्ये निघालेली ‘चोकोझॅप’ ही चोवीस तास उघडी, बहुतांशी कर्मचाऱ्यांविना चालणारी साखळी. महिन्याला करापूर्वी 2,980 येन. दीड वर्षाच्या आत तिचे दहा लाखांहून जास्त सभासद झाले. माझा मुलगा तिथे जातो, रात्री अकरालाही. त्याला कुणी विचारपूस करायला नको असते, मला हवी असते. दोन्हींनी आपला माणूस कोण आणि तो कुठून जातो, हे आधी ओळखलं.

दर रविवारी सांगलीला फोन लावते. आईचं गुडघेदुखीचं गाऱ्हाणं असतं. गावात जिम नाहीत असं नाही. आपल्याकडे परंपराही मोठी. तळवलकरांनी मुंबईत 1932 मध्येच व्यायामशाळा काढली होती. बागांमधून ओपन जिमही आल्या. पण आईच्या घराजवळची जिम दुसऱ्या मजल्यावर आहे, गाणी मोठ्याने लागलेली असतात आणि सगळी मुलं विशीतली. आई म्हणते, “तिथं मी कुठं जाऊ गं?” मी तिला फोनवरूनच खुर्चीवरून उठ-बस शिकवली. ती करते, पण एकटीने. तिला गोल हवा आहे.

म्हणून मी हे लिहिते आहे. आपल्या लहान शहरांत नवी जिम काढणाऱ्यांनी मोठी यंत्रं आणि काचेची दर्शनी भिंत यांचा हिशेब जरा बाजूला ठेवावा. आधी मंडईत उभं राहून पाहावं, की सकाळी दहाला कोण बायका येतात, कुठून चालत येतात, पिशवी घेऊन कोणत्या पायरीवर थांबतात. तळमजल्यावरची एक खोली, मोजकी साधनं आणि नाव लक्षात ठेवणारी एक प्रशिक्षित मुलगी एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. सांगलीतल्या माझ्या दोन मैत्रिणींशी मी याबद्दल बोलते आहे. येत्या सुट्टीत आम्ही तिघी मंडईजवळ जागा पाहायला जाणार आहोत.