काचगोलातील हिवाळा

व्हिएन्नाला जाणाऱ्याने राजवाडे पाहून झाल्यावर हर्नाल्स भागातील स्नो ग्लोबचे छोटे संग्रहालय अवश्य पाहावे. शस्त्रक्रियेची उपकरणे बनविणारे एर्विन पेर्झी १९०० च्या सुमारास विजेच्या दिव्याचा प्रकाश वाढविण्याच्या खटपटीत होते. पाणी भरलेल्या काचगोलात त्यांनी रवा टाकून पाहिला. प्रकाश वाढला नाही. रवा मात्र हिमासारखा संथपणे खाली उतरला. पुढे त्या गोलात मारियात्सेल या तीर्थस्थानाच्या चर्चची प्रतिकृती बसली आणि यात्रेकरूंना एक स्मरणवस्तू मिळाली. तेथील हिम कशाचे करतात, हे कुटुंबाने आजही गुपित ठेवले आहे.

शतकभरानंतर अमेरिकेत वॉल्टर मार्टिन व पालोमा मुन्योस या कलावंत जोडीने याच खेळण्याला निराळा अर्थ दिला. ‘ट्रॅव्हलर्स’ मालिकेतील त्यांच्या गोलांत निष्पर्ण झाडे आणि ओसाड हिमात वाट चुकलेली चिमुकली माणसे दिसतात. गोल हलविला की त्यांच्यावर वादळ पुन्हा कोसळते, आणि हलविणारा हात आपलाच असतो.

प्रवासातून आपण ठिकाणाची गोड आठवण तेवढी घरी आणतो. परक्या वाटेवरचे भय आणि एकटेपण मागेच ठेवतो. हे मागे राहिलेले तळहातावर ठेवून दाखविणारी वस्तू दुकानातील शोभेची कशी म्हणावी? ती कलाच होय.