सुईवर एकच टाका

क्रोशासाठी वेळ कुठून काढतेस, असं मला नेहमी विचारलं जातं. वेळ काढावाच लागत नाही, ही तर क्रोशाची मोठी सोय. दोन सुयांवरच्या विणकामात स्वेटरची अख्खी ओळ सुईवर चढलेली असते. मध्येच कुणी हाक मारली, सुई निसटली, की टाके पळतात आणि मग त्यांना एकेक करून पकडत बसा. क्रोशात काम कितीही मोठं असो, अगदी डबल बेडची चादर असो, सुईवर जिवंत टाका एकच. तो जरा सैल ओढला, सुई काढून घेतली, की काम पिशवीत. कुकरची शिट्टी झाली, उठा. दारावरची बेल वाजली, उठा. परत येऊन त्याच टाक्यात सुई घाला आणि पुढे चला. बाईचा दिवस तिच्या हाती तुकड्यातुकड्यांनी येतो, आणि हे विणकामही तुकड्यातुकड्यांनी होतं.

माझं बरंचसं विणून झालं ते लोकलमध्ये. तेव्हा राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टात, आणि रोजचा लेडीज डबा. चौथ्या सीटवर टेकायला मिळालं तरी कोपर अंगाशी धरून क्रोशे करता येतं. स्वेटरच्या लांब सुया शेजारणीच्या बरगडीत जातात. क्रोशाची सुई वीतभरही नसते. तिच्या टोकाला मी खोडरबराचा तुकडा टोचून ठेवते, म्हणजे पर्समध्ये हात घातला तर बोटाला लागत नाही. दोऱ्याचा गुंडा झाकणाला भोक पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात. नाहीतर कुर्ल्याला ब्रेक लागला की गुंडा बाकाखालून थेट दारापर्यंत. डब्यात कुणी मटार सोलत असते, कुणी पोथी वाचत असते, कुणी बसल्या बसल्या झोप काढत असते. त्यात माझे खांब आणि साखळ्या, म्हणजे क्रोशाचे टाके, चालू. ठाण्याला गर्दी आत शिरली की पिशवी पोटाशी, गाडी हलली की पुन्हा सुरू.

हातात सुई दिसली की बायका बोलायला लागतात. फोनवर बोटं फिरवणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही, काय करतेस म्हणून. क्रोशेवालीला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय करताय, तोरण का?" मग कुणाच्या आईनं दुधाच्या पातेल्यावर घालायला कडेला मणी ओवलेला जाळीचा रुमाल केलेला असतो, तो निघतो. कुणाच्या सासूबाईंनी रुखवतासाठी केलेली ताटाभोवतालची महिरप निघते. पांढऱ्या दोऱ्याची, पाटापुढे मांडली की लांबून रांगोळीच वाटणारी. टीव्हीवरचे रुमाल टीव्ही चपटे झाल्यावर गेले, फोनवरचे फोनबरोबर गेले. तोरणं मात्र टिकली, समईखालची आसनं टिकली, बाळाची टोपडी तर कधीच जायची नाहीत.

या गप्पांतला खरा व्यवहार नमुन्यांचा. नमुना उतरवून घेणं हा आमच्यातला सर्रास चालणारा उद्योग आहे. शिवलेल्या ब्लाउजवरून त्याचं बेतणं कळेलच असं नाही. क्रोशात सगळं उघडं असतं. मधून सुरुवात शोधायची, पहिल्या फेरीतल्या साखळ्या मोजायच्या, मग खांब, मग कुठल्या घरात किती खांब एकत्र घातलेत आणि कितव्या घरानंतर तेच पुन्हा येतं ते बघायचं. एकदा समोर बसलेल्या एका काकूंच्या ओढणीच्या काठाला अननसाच्या डिझाइनची सुरेख लेस होती. मी बघतेय हे त्यांनी ओळखलं आणि काही न बोलता ओढणीचं टोक माझ्या मांडीवर टाकलं. मी बोटानं घरं मोजत होते, सुईवर तेच करून बघत होते, आणि त्या वरून सांगत होत्या, "वर जाताना दर ओळीला एक कमान कमी कर, म्हणजे अननस आपोआप निमुळता होतो." दादर येईपर्यंत एक अननस माझ्या सुईवर उतरला होता. त्यांनी तो शेजारणीकडून घेतला होता, शेजारीण कुठून शिकली ते त्यांना माहीत नव्हतं. पुढे माझ्याकडून तो ऑफिसातल्या दोघींकडे गेला.

शिकवायचं म्हटलं तर मात्र शेजारी बसावं लागतं. खांब घालणं वाचून कठीण वाटतं: सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई साखळीत घालून दोरा ओढायचा, सुईवर तीन टाके होतात, पुन्हा दोरा घेऊन दोनांतून काढायचा, पुन्हा घेऊन उरलेल्या दोनांतून. हातात हात धरून केलं की दोन स्टेशनांत जमतं. अवघड जातं ते डाव्या हातानं ताण धरणं. करंगळीभोवती वळसा घेऊन तर्जनीवरून दोरा सोडायचा, फार घट्ट नाही, फार सैल नाही. नवी मुलगी पहिल्या दिवशी इतकी घट्ट साखळी घालते की पुढच्या ओळीला सुई आत शिरत नाही. तिला मी सांगते, सुई एक नंबर जाड घे आणि खांदे खाली सोड.

आमच्या डब्यात कॉलेजला जाणारी एक मुलगी होती. तिला क्रोशे शिकायचं होतं, पण ती डावखुरी. दोघी-तिघींनी शेजारी बसवून दाखवलं आणि हात टेकले. व्हिडिओ बघूनही तिचा गोंधळ व्हायचा, कारण त्यातही सगळं उजव्या हाताचं. मी तिला समोरच्या बाकावर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून, आणि म्हटलं, आरशात बघतेस असं समज आणि माझा हात जिकडे जाईल तिकडेच तुझा जाऊ दे. माझा उजवा तिच्या डाव्यासमोर आला आणि तिचा हात चालायला लागला. लोकलमधल्या समोरासमोरच्या बाकांचा इतका चांगला उपयोग मला तोवर सुचला नव्हता. तिनं पुढे केलेला गोल रुमाल माझ्या रुमालाच्या उलट दिशेनं फिरत जातो, एवढाच काय तो फरक.

गोल रुमालाची गंमत मला फार आवडते. तो सपाट बसायला हवा असेल तर पहिल्या फेरीत बारा खांब घालायचे आणि दर फेरीला बारा वाढवायचे: बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस. आज्या-मावश्या हे तोंडपाठ सांगतात; का, ते सांगत नाहीत. कारण साधं आहे. खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट असते. एक फेरी झाली की त्रिज्या एका खांबाच्या उंचीनं वाढते आणि परीघ त्याच्या सव्वासहा पटीनं, म्हणजे साडेबारा खांबांच्या रुंदीइतका. आज्यांचे बारा बरोबर आहेत. बारापेक्षा कमी वाढवले की कडा वर उचलतात आणि टोपी होते. बाळाची टोपडी तशीच करतात, हव्या त्या मापाला आलं की वाढवणं थांबवायचं. जास्त वाढवले की झालर पडायला लागते.

ही झालर गणितात कामाला आली. दिलेल्या रेषेबाहेरच्या एका बिंदूतून त्या रेषेला समांतर अशा अनेक रेषा जिथे जातात, असं एक वक्र प्रतल भूमितीत आहे. ते वर्गात हातात धरून दाखवायचं कसं, ही शिक्षकांची अडचण होती. कागदाचे तुकडे चिकटवून केलेले नमुने लगेच फाटत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या दायना तैमिना या लॅट्व्हियन गणितज्ञ बाईंनी 1997 साली ते क्रोशानं विणलं. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, प्रत्येक ओळीत, न चुकता. कोबीच्या पानासारखं चुरगळणारं ते विणकाम हातात घेऊन घडी घालता येतं, त्यावर रेषा शिवून दाखवता येतात. हे डब्यात सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या फ्रॉकच्या झालरीत गणित होतं म्हण की!" होतंच.

"विकत का नाही तुम्ही?" हा प्रश्नही ठरलेला. एक मध्यम तोरण व्हायला माझ्या कित्येक संध्याकाळी जातात. बाजारातली क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रावर निघते, पण खरं क्रोशे अजून हातानंच होतं. तेव्हा दुकानात स्वस्तात मिळणारा क्रोशाचा टॉप बघितला की किंमत कमी कुणी करून घेतली, हा विचार मनात येतोच.

क्रोशावर पोट भरणं नवं नाही. आयर्लंडमध्ये 1840च्या दशकात बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसवर अनेक घरांनी दिवस काढले. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, त्या भागात नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि आज तिथलं काम परदेशात जातं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून अभ्यास केला, त्यावरचं त्यांचं पुस्तक 1982 साली आलं. त्यांना दिसलं ते असं, की या बायका तासन्‌तास लेस विणतात, पण त्यांना कुणी कामगार म्हणत नाही. त्या घरी बसून फावल्या वेळात करतात, असं धरलं जातं आणि मोबदलाही तसाच मिळतो. मी क्रोशाला फावल्या वेळचा छंद म्हणते, ते माझी नोकरी होती म्हणून. तोच शब्द दुसरीच्या मजुरीवर चढला की तिचं पोट मारतो. म्हणून नरसापूरची लेस घेताना मी घासाघीस करत नाही, आणि घरातल्या कुणाला करूही देत नाही.

माझं काम मी विकत नाही. नमुना मात्र कुणालाही देते, लपवायला त्यात काही नाहीच. 2016 साली चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटानं बायकांनी ठिकठिकाणी विणलेले तुकडे जोडून अकरा हजार चौरस मीटरच्या वरचं क्रोशाचं पांघरूण केलं. जगातलं सर्वांत मोठं, असा त्याचा गिनेस विक्रम झाला, आणि नंतर त्यातली पांघरुणं गरजूंना वाटली. विक्रमापेक्षा मला त्यातली जोडणी आवडली. वेगवेगळ्या हातांचा ताण वेगळा असतो, कुणाचा तुकडा दाट, कुणाचा सैल. तरी माप एक ठरवलं की शेजारी-शेजारी बसतात.

निवृत्तीनंतर लोकल सुटली. आता सोसायटीतल्या चौघी-पाचजणी दुपारी माझ्याकडे येतात. संक्रांतीला वाण म्हणून यंदा कपाखाली ठेवायच्या छोट्या गोल आसनांचं ठरलंय. आमच्यात तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी काकाही आहेत. त्यांचा ताण आमच्यापेक्षा सारखा येतो, हे सगळ्यांनी मान्य केलंय. कुणी तोरण मागायला आलं की मी सांगते, तयार मिळणार नाही. साध्या सुती दोऱ्याचा गुंडा आणा, स्टीलची सुई आणा, आणि दुपारी तीनला या. पहिल्या फेरीत बारा खांब.