हसू निम्मंच निघालं असतं तर?

पिक्सारचा 'मॉन्स्टर्स इन्क' (२००१) फक्त लहान मुलांचा सिनेमा आहे असं वाटत असेल, तर नोकरी लागल्यावर एकदा परत बघा. राक्षसांच्या शहराची वीज मुलांच्या किंकाळ्यांमधून तयार होते. म्हणजे सली आणि माइकची कंपनी ही चक्क वीज कंपनी! कुणी किती किंकाळ्या जमवल्या त्याचा भिंतीवर बोर्ड, पहिल्या नंबरसाठी रँडलची धडपड आणि हल्लीची मुलं घाबरत नाहीत म्हणून हवालदिल झालेले मोठे साहेब. ओळखीचं वाटतंय ना?

गंमत म्हणजे हे राक्षसच मुलांना टरकून असतात. मूल शिवलं की मेलोच, असं त्यांना पढवलेलं. जॉर्जच्या पाठीला एक मोजा चिकटतो, तर त्याचे सगळे केस भादरतात! ज्याच्या जिवावर शहर चालतं त्याला कुणी जवळून बघूच नये, याची ही सोय. म्हणून तर सलीच्या डरकाळीने चिमुकली बू घाबरते तेव्हा स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा बघून तो हादरतो.

शेवटी कळतं की हसण्यात किंकाळीच्या दहापट ऊर्जा आहे. सगळे खूश. माझं इंजिनिअरी डोकं मात्र तिथेच अडकतं. हसू निम्मंच निघालं असतं तर? अर्धं शहर अंधारात ठेवून किंकाळ्या थांबवल्या असत्या कुणी? प्रत्यक्षात चांगुलपणा दरवेळी दहापट फायद्याचा निघत नाही हो. चंद्रपूरच्या वीज केंद्रातली राख माझ्या पुण्यातल्या वीजबिलावर छापून येत नाही, आणि एसी तर मीही लावतोच.

तुम्ही सलीच्या जागी असता तर?