शाळेची फी आणि परतीची वाट

कोकणातून आखातात गेलेल्या आमच्या पहिल्या पिढीला मुलांच्या शाळेचा प्रश्न पडलाच नाही. बाप तिकडे, बायकामुले गावी. दोन वर्षांनी एकदा सुट्टी, पत्र्याची मोठी पेटी, आणि मुले गावच्या जिल्हा परिषदेच्या मराठी किंवा उर्दू शाळेत. फॅमिली व्हिसावर बायकामुले तिकडे नेणारी पिढी आली तेव्हा प्रश्न उभा राहिला: ही मुले शिकणार कुठे?

दुबईत त्याची दोन उत्तरे फार आधीपासून तयार होती. इंडियन हायस्कूल 1961 साली सुरू झाली आणि दुबई इंग्लिश स्पीकिंग स्कूल 1963 साली. संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र तेव्हा जन्मालाही आले नव्हते. ते आले 1971 साली. म्हणजे देश होण्याआधीच तिथे परक्यांच्या शाळा होत्या, आणि प्रत्येक समाजाने आपापल्या मायदेशाची परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून त्या काढल्या होत्या. इंग्रज साहेबाला मुलगा पुढे विलायतेच्या शाळेत बसवायचा होता, भारतीय व्यापाऱ्याला आपला मुलगा मुंबईच्या कॉलेजात. कुणाच्या मनात गोंधळ नव्हता, कारण परत कुठे जायचे ते प्रत्येकाला ठाऊक होते.

गोंधळ आमच्या वेळी झाला. 2018 साली माझा मुलगा सहा वर्षांचा होता, मुलगी चार. त्यांचे अब्बा एका कंपनीत हिशेब सांभाळत. ओळखीतली बरीच कुटुंबे इंडियन शाळा सोडून ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेकडे वळत होती. दावतीत बायका एकत्र बसल्या की मुलाचे नाव विचारायच्या आधी शाळेचे नाव विचारीत. मुलगा 'इयर टू'मध्ये आहे असे सांगणारीचा आवाज आणि 'फर्स्ट स्टँडर्ड'मध्ये आहे असे सांगणारीचा आवाज यांत फरक असे. वास्तविक दोन्ही इयत्ता एकच! ब्रिटिश पद्धतीत तीन वर्षांचे मूल 'फाउंडेशन स्टेज'ला जाते, मग 'इयर वन'पासून 'इयर थर्टीन'पर्यंत चढत जाते. इयर इलेव्हनला आयजीसीएसई किंवा जीसीएसईची परीक्षा, शेवटच्या दोन वर्षांत ए-लेव्हल. भारतीय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यांचे सप्टेंबरच्या सुमारास. एवढे समजायलाच मला महिना लागला.

शाळा पाहायला निघाले तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सरकारी अहवालांचा. दुबईच्या खासगी शाळांवर देखरेख करणारे केएचडीए हे प्राधिकरण 2006 साली स्थापन झाले आणि 2008 साली शाळांच्या तपासण्या सुरू झाल्या. 'आउटस्टँडिंग', 'व्हेरी गुड', 'गुड', 'अ‍ॅक्सेप्टेबल', 'वीक' असे शेरे मिळतात आणि अहवाल कुणालाही वाचता येतो. आया वरचा शेरा तेवढा पाहतात. मला आतली पाने अधिक बोलकी वाटली. शिक्षक किती, त्यांतले दरवर्षी सोडून किती जातात, सर्वात जास्त विद्यार्थी कोणत्या देशाचे, अरबी आणि इस्लामी शिक्षणाचे वर्ग कसे चालतात, हे सारे तिथे असते. ज्या शाळेतून दरवर्षी बरेच शिक्षक निघून जातात, त्या शाळेची इमारत कितीही चकचकीत असो, मुलाला दर सप्टेंबरात नवा चेहरा भेटणार. आता पाहणाऱ्यांनी अहवालावरचे सालही पाहावे. 2024-25 मध्ये नेहमीच्या पूर्ण तपासण्या झाल्या नाहीत, तेव्हा हाती येणारा शेरा जुना असू शकतो. शिवाय ब्रिटनच्या शिक्षण खात्याची परदेशातील ब्रिटिश शाळांसाठी वेगळी तपासणी योजना आहे. नावात 'ब्रिटिश' असणे आणि त्या तपासणीत उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या शाळांविषयी आमच्या लोकांत एक समज घट्ट बसला आहे, की ब्रिटिश शाळेत शिकले की विलायतेचे दार उघडते. दार उघडते हे खरे, पण तिकीट स्वस्त होत नाही. तिथल्या विद्यापीठात कमी फी कुणाला आणि परदेशी विद्यार्थ्याची फी कुणाला, हे मुख्यतः तुमच्या तिथल्या वास्तव्यावर आणि राहण्याच्या हक्कावर ठरते. कोणत्या अभ्यासक्रमात शिकलात यावर नाही. भारतीय पासपोर्टवर दुबईत वाढलेले मूल ए-लेव्हल करो की सीबीएसईची बारावी, तिकडे ते परदेशीच.

भारतात परतायचे तर वाट बंद नाही, पण वळणाची आहे. भारतीय विद्यापीठ संघ ठरावीक अटींवर ए-लेव्हलला बारावीची समकक्षता देतो. मात्र ए-लेव्हलला मुले बहुधा तीनच विषय घेतात. ज्याला डॉक्टर व्हायचे त्याने फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हेच तीन धरले नाहीत तर नीटची परीक्षा त्याच्या कामाची नाही. त्यात आणखी एक मेख: महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून मेडिकलला जायचे तर सर्वसाधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते. ही अडचण दुबईच्या इंडियन शाळेतल्या मुलालाही आहे. म्हणजे फीचा तक्ता हातात घेण्याआधी हा नकाशा हातात घ्यायला हवा.

आणि त्या नकाशावर एक जागा कायम रिकामी असते. आखातात आमचे राहणे नोकरीला बांधलेले. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की शाळा गेली. 2008-09 च्या मंदीत आणि पुन्हा 2020 च्या कोरोनात अर्ध्या वर्षातून घरे रिकामी झाली. इंडियन शाळेतले मूल दाखला घेऊन गावाकडच्या सीबीएसई शाळेत बसू शकते. इयर टेनमधले मूल, आयजीसीएसईच्या अर्ध्या वाटेवरचे, कुठे बसणार? पुण्या-मुंबईत तशा शाळा आहेत, पण ज्याची नोकरी गेली त्याला त्यांची फी परवडत नाही.

हा सगळा हिशेब आम्ही दोघे रात्री मुले झोपल्यावर करत होतो. ब्रिटिश शाळेची फी इंडियन शाळेच्या कितीतरी पट. वर बस, गणवेश, सहली वेगळ्या. गावी बंगल्याचा खालचा मजला झाला होता, वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी पैसे साठवणे चालू होते. फोनवर सासऱ्यांनी आपल्या परीने तोड सुचवली.

"पोराला इंग्रजांच्या शाळेत घाला," ते म्हणाले. "पोरगी इंडियनमध्ये शिकली म्हणून काय बिघडते? ती उद्या दुसऱ्याच्या घरी जायची."

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. ते स्वतः तीस वर्षे एकटे राहून आम्हा सगळ्यांसाठी खपले होते. पण दुबईत असे घडताना मी पाहिले होते. एकाच दारात सकाळी दोन बस थांबतात. एकीत भाऊ चढतो, दुसरीत बहीण. कुणी त्याला अन्याय म्हणत नाही, बजेट म्हणतात. पूर्वी आमच्याकडे मुलगा तालुक्याच्या हायस्कुलात आणि मुलगी सातवीपर्यंत गावात, असे होते. शाळांची नावे बदलली, वाटणी तीच राहिली.

मी मुलांच्या अब्बांना एवढेच म्हटले, "दोघे इंडियनमध्ये जाऊ देत, नाहीतर दोघे ब्रिटिशमध्ये. दोन बस आपल्या दारात नकोत."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कागदावरचा स्लॅबचा आकडा खोडला. सासऱ्यांना फोन त्यांनीच केला, मला करायला लावला नाही.

आम्ही 'आउटस्टँडिंग' शाळा घेतली नाही. ती झेपणारी नव्हती. 'गुड' शेऱ्याची, शिक्षक टिकून असलेली, घरापासून जवळची, आणि ए-लेव्हलपर्यंत वर्ग असलेली घेतली. काही शाळा लहान इयत्तांपर्यंतच असतात, मग अकराव्या वर्षी पुन्हा हीच वणवण. शाळा पाहायला गेलो त्या दिवशी एका वर्गात सात-आठ वर्षांची मुले पाण्यात काय तरंगते यावरून भांडत होती आणि बाई त्यांना उत्तर सांगत नव्हत्या. मी मराठी शाळेत पाढे म्हणत वाढले, मला ते नवल वाटले. मुले संध्याकाळी चार वाजता घरी येतात, आमच्या ताटात जेवतात, हेही मोठे. पाचगणीला वसतिगृहात मुले ठेवणारे नातेवाईक आमच्यात आहेत. पैसे कमी लागले असते, पण मुले सुट्टीतच दिसली असती.

दीनाची काळजी करणाऱ्यांना सांगायला हवे की अमिरातीत खासगी शाळेतही मुसलमान मुलांना इस्लामी शिक्षण सक्तीचे आहे, मग अभ्यासक्रम ब्रिटिश असो की भारतीय. बिगरअरब मुलांचा तो वर्ग इंग्रजीतून चालतो. माझ्या मुलीच्या वर्गात पाकिस्तानी, मलेशियन, ब्रिटिश मुसलमान मुली आहेत. नमाजात हात कुठे बांधायचे यावरून तिथे वाद होतो आणि संपतो. आपल्यासारखे नसलेलेही मुसलमान असतात, हे मला कळायला तिशी गाठावी लागली होती.

भाषेचे मात्र शाळेवर सोपवता येत नाही. केंब्रिजच्या आयजीसीएसईत उर्दू आहे, हिंदी आहे, मराठी नाही. सीबीएसईच्या यादीत मराठी आहे, पण आमच्या आसपासच्या इंडियन शाळांत ती शिकवणारे कुणी नव्हते. म्हणून शनिवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर बालभारतीची पुस्तके निघतात. मुलगा कुरकुरतो, मुलगी वाचते. गेल्या सुट्टीत गावी तिने दादांना वर्तमानपत्राचे पहिले पान मोठ्याने वाचून दाखवले. 'ळ' अजून तिला नीट येत नाही. दादांनी ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आतले पानही वाच."

वरचा मजला अजून झालेला नाही. लोखंडी सळ्या उभ्या आहेत, पावसाने गंजल्या आहेत. तो कधी होईल हे माहीत नाही, आणि मुले कुठल्या देशात उतरतील हेही. पण सकाळी आमच्या दारात एकच बस थांबते आणि दोघे तिच्यात चढतात.