आवाज टूट रई

आमची शाळा सांगलीत, उर्दू माध्यमाची, घर साताऱ्यात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आम्ही नवरा-बायको दोघंही घरीच अडकलो. जूनमध्ये तास सुरू झाले ते माडीवरच्या खोलीतून, लॅपटॉपसमोर बसून.

सातवीतली एक मुलगी रोज म्हणायची, "टीचर, आवाज टूट रई." तिच्या घरी भावंडांत मिळून एकच मोबाइल. आम्हाला वाटलं, तिच्याकडेच रेंज नसणार. चार वेळा ऐकून घेतलं, पाचव्यांदा रागावलो, "बहाने मत करो!" दुसऱ्या दिवसापासून ती तासाला आलीच नाही.

पुढे इतर मुलंही तेच सांगू लागली. तेव्हा लॅपटॉप खाली नेला, राऊटरला थेट वायर जोडून वेग मोजला. ५० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये ४७. तोच लॅपटॉप माडीवर नेला, तर ३! दोष आमच्याच घरात होता.

जुन्या घराच्या दगडी भिंतींतून वायफाय वर पोचत नसे. म्हणून पॉवरलाइन अ‍ॅडाप्टरची जोडी आणली होती. एक राऊटरजवळ, दुसरा माडीवर. विजेच्या तारांतूनच इंटरनेट जातं. पण आम्ही दोन्ही एक्स्टेन्शन बोर्डात खोचले होते. विजेच्या झटक्यापासून वाचवणारा बोर्ड हे सिग्नलही अडवतो. भिंतीतल्या प्लगात लावले, ९ झाले. शेजारचा मोबाइलचा चार्जर काढला, १२. खाली अम्मींचा मिक्सर फिरला की पुन्हा घसरण. वायरमननं पाहून सांगितलं, माडीचं वायरिंग वेगळ्या फेजवर आहे. मग काय होणार?

शेवटी जिन्यावरून लॅन केबल ओढली. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, आमची जेमतेम २० मीटर. तरी वेग येईना. एका टोकाची क्लिप नीट दाबली नव्हती. ८ तारांपैकी एक सैल होती. क्लिप बदलली आणि माडीवर ४७ आले.

त्याच संध्याकाळी मुलीच्या घरी फोन लावला. अब्बा म्हणाले, "टीचर गुस्सा करते, बोलके बैठतीच नई. अब मोबाइल उसका भाई लेता." आम्ही तिला फोनवर बोलावलं आणि माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती.

दुसऱ्या दिवशी तासाला तिचं नाव दिसलं. आम्ही विचारलं, "आवाज आ रई?"

"साफ आ रई, टीचर."

त्या दिवसापासून कुणी मूल काही अडतंय म्हणालं, की आम्ही आधी आमचा प्लग तपासतो.